वाण माझंच होतं

ही गोष्ट मी आजवर सलग कुणालाच सांगितलेली नाही. तिचे तुकडे गेल्या वर्षापासून तीन माणसांना माहीत आहेत, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता, ती माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. पडेल असं वाटतही नाही. मी मुळात कमी बोलणारा. काउंटरमागे उभा राहून बोलतो तेवढंच — सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर घ्या. म्हणून लिहितोय. तुम्ही समोर बसला आहात असं धरून.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. मी बरा आहे. खरंच बरा आहे. पनवेलला एसटी स्टँडकडून बाजारात शिरताना औषधाचं दुकान आहे माझं, ते व्यवस्थित चालतं. भूक लागते, झोप लागते. पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, हात ठेवला की मुठीएवढं काहीतरी लागतं — ती माझ्या ताईची किडनी. इतक्या वर्षांत तिनं एकदाही कुरकुर केलेली नाही. किडनीनंही, आणि ताईनंही.

मग कसली कबुली, असं वाटेल तुम्हाला. सांगतो. जरा वळसा घेऊन सांगतो, सरळ जमणार नाही.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई मिठागरावर जायची तेव्हा मी ताईच्या कडेवर असायचो. मला भरवलं तिनं, शाळेत घातलं तिनं, आणि वर्गातून पळून आलो की खाडीच्या बांधावरून कानाला धरून परत नेलंही तिनंच. लग्न होऊन ती गव्हाणला गेली. स्वतःला मूल झालं नाही. पुढे गावात अंगणवाडी सुरू झाली तेव्हा ती तिथं लागली आणि मग तिला पोरांची कमी राहिली नाही. आज गावातले जे बाप्ये बिल्डरांशी इंग्रजीत बोलतात ना, त्यातल्या निम्म्यांना नाक शिंकरायला ताईनं शिकवलंय. त्यासाठी तिच्या पदराचा एक कोपरा राखीव असायचा. माझी बायको मंगल म्हणायची, "ताई, तुमच्या साडीला इस्त्री नको, नुसतं मीठ लावून सुकटीसारखी वाळवा." ताई हसायची. "पोरांचा शेंबूड म्हंजे अत्तर हाय आमचा," म्हणायची.

हे सगळं उगाच सांगत नाहीये. पुढे लागणार आहे.

माझ्या किडन्या ब्लड प्रेशरनं गेल्या. दुकानात सगळ्यांचं प्रेशर मोजणारा मी, माझं कधी मोजलं नाही. पण तो माझा गुन्हा नव्हे, तो नुसता मूर्खपणा. डायलिसिस सुरू झालं आणि मी वाळत गेलो. एक दिवस ताई डॉक्टरांसमोर जाऊन बसली. डॉक्टर मॅडम तिला समजावत होत्या — ऑपरेशन काय असतं, धोके काय, नीट विचार करा. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन हायत ना माज्याकडं? मंग एक याची. यात इचार काय करायचा?"

तपासण्या जुळल्या. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा पलीकडच्या खोलीतून निरोप आला होता, ताई विचारतेय — लघवी झाली का त्याला? झाली होती. सगळ्या वॉर्डात त्या दिवशी आमच्याएवढं सुखी कुणी नसेल.

घरी आलो ते गोळ्यांची पिशवी घेऊन. नव्या किडनीला शरीरानं परकी म्हणून झिडकारू नये यासाठीच्या गोळ्या — त्या जन्मभराच्या. आणि एक वेगळी गोळी, काही महिन्यांपुरती. ती एका विषाणूसाठी. सीएमव्ही म्हणतात त्याला. सायटोमेगॅलो व्हायरस असं पूर्ण नाव, पण ते डॉक्टरसुद्धा घेत नाहीत. आपल्याकडे बहुतेक सगळ्यांच्या अंगात तो लहानपणीच शिरलेला असतो. लाळेतून, शेंबडातून, उष्ट्या घासातून. शिरतो आणि एका कोपऱ्यात निजून राहतो. धडधाकट माणसाला तो आहे हे कळतही नाही. पण आमच्यासारख्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली. पहारेकरीच झोपवलेले. मग तो उठतो. तो उठू नये म्हणून ही गोळी.

मंगल रोज सकाळी कप्प्याकप्प्यांचा डबा भरून माझ्या हातात द्यायची. रोज सकाळी गव्हाणहून ताईचा फोन यायचा. एकच प्रश्न. "बाला, गोल्या घेतल्यास?"

"घेतल्या, ताई."

तिसऱ्या महिन्यात मी ती सीएमव्हीची गोळी बंद केली.

बघा, लिहून झालंही. एवढंसं वाक्य. हे लिहायला मला इतकी वर्षं का लागावीत? पण खरी लाज या वाक्यात नाहीच, ती पुढे आहे.

का बंद केली? पोट बिघडायचं. काउंटर सोडून मागच्या बाजूला पळावं लागायचं, आणि गिऱ्हाइकं घड्याळ बघत उभी. डॉक्टर मॅडमना एक फोन केला असता तर त्यांनी काहीतरी मार्ग काढला असता — कदाचित ते पोट त्या गोळीनं बिघडतही नसेल, दुसऱ्याच कुठल्या. पण फोन कशाला करायचा? मी केमिस्ट. मला कळतं. ही गोळी काही आजारावरची नव्हे, ती खबरदारीची. आणि मला तर काही झालेलंच नव्हतं. रोज पन्नास माणसांना मीच बजावतो, बरं वाटलं म्हणून औषध मधेच सोडू नका. तेच वाक्य त्या दिवसांतही बजावत होतो. जीभ जराही अडखळली नाही.

दुकानात मुदत संपलेल्या मालाचा एक खोका असतो. कंपनीला परत जायचा माल त्यात टाकतो आम्ही. डब्यातली ती एक गोळी मी घरून निघताना खिशात घालायचो आणि दुकानात आल्यावर त्या खोक्यात टाकायचो. कचऱ्यात नाही — कचरा मंगलच्या नजरेस पडला असता. खोक्यात कोण बघतं? आणि ताईचा फोन आला की — घेतल्या, ताई.

बाकीच्या घेत होतोच. म्हणजे अगदी खोटं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो.

मग ताप आला. चढउतार होत राहिला. जुलाब लागले, ते थांबेनात. अंगातली ताकद कुणीतरी नळ उघडा टाकल्यासारखी वाहून गेली. पुन्हा तेच इस्पितळ, तोच वॉर्ड. रक्त तपासलं तर सीएमव्ही भराभर वाढलेला, आणि ताईच्या किडनीचे आकडे बिघडायला लागलेले. डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या चुकल्या का कधी?"

मंगल शेजारी उभी होती. ताई पायथ्याशी, हातात माझी चादर घट्ट धरून. तिच्या पोटावरचा व्रण अजून ओढायचा, तिला नीट ताठ उभं राहवत नव्हतं.

"एकही नाही," मी म्हणालो.

"डबा मी स्वतः भरते मॅडम," मंगल म्हणाली. तिची बिचारीची साक्ष माझ्या खोट्याला मिळाली.

मॅडम विचारात पडल्या. गोळी चालू असताना हा उठलाच कसा? मग त्यांनी समजावून सांगितलं. या विषाणूचे अनेक प्रकार असतात, स्ट्रेन म्हणतात त्यांना. एखादा औषधाला न जुमानणाराही असू शकतो. आणि कधी कधी पेशंटच्या स्वतःच्या अंगातला न उठता, किडनी देणाऱ्याकडून नवा प्रकार आत येतो, जो शरीरानं आधी पाहिलेला नसतो. "ताईंच्या अंगात असणारच," त्या सहज म्हणाल्या, "लहान मुलांत असतात ना त्या. मुलांच्या लाळेत फार असतो हा."

त्यांनी आरोप केला नव्हता. त्या बिचाऱ्या शक्यता मोजत होत्या. पण त्यातून कुणीतरी पुन्हा गोळ्यांकडे वळेल अशी मला भीती वाटली. म्हणून मी विनोद केला.

"बघ ताई," मी म्हणालो, "तुझ्या पोरांनी मला पण अंगणवाडीत बसवलं."

सगळे हसले. मंगल हसली, नर्स हसली. ताईही हसली. जराशी उशिरा.

सलाइनमधून औषध सुरू झालं, दिवसातून दोनदा. मॅडमनी माझ्या रक्ताचा नमुना तपासायला पाठवला — कुठला प्रकार आहे, औषधाला दाद देणारा आहे की नाही. त्यांचा या विषयावर अभ्यास चालू होता. ऑपरेशनच्या आधीच त्यांनी आम्हा दोघांच्याही लाळेचे नमुने घेऊन गोठवून ठेवले होते. तेही पाठवले. निकाल यायला वेळ लागणार होता. तोवर माझा विनोद घरभर फिरला. भेटायला येणारा प्रत्येक जण तो नवा असल्यासारखा सांगायचा. मामी म्हणाली, चुलते म्हणाले. हळूहळू त्यातला विनोद गळाला आणि उरलं ते असं — सुगंधाबायच्या, म्हणजे आमच्या ताईच्या, अंगणवाडीतल्या पोरांचं दुखणं तिच्या किडनीतून भावाला गेलं. ताईच्या नणंदेनं तर तोंडावर म्हटलं, "दान केलंस ते चांगला केलास बाय, पन धुऊन तरी द्यायची."

मी बरा होऊन घरी आलो तोपर्यंत ताईनं अंगणवाडीचा राजीनामा दिला होता.

मला सांगितलं नाही तिनं. गुडघे दुखतात, पोरांमागं धावता येत नाय, असं गावात सांगितलं. खरं कारण मंगलला सांगितलं, आणि मंगलनं मला. पोरांच्यात राहिले तर परत काहीतरी घेऊन येईन म्हणाली, आणि त्याला देईन. आता त्याच्या घरी जाणं-येणं आहे माझं, नको. ज्या बाईनं पोटातला तुकडा काढून दिला, ती आता स्वतःच्या हातांना घाबरत होती.

ऐकून मला वाईट वाटलं. हो, वाटलं. आणि गप्प बसलो.

काही आठवड्यांनी मॅडमनी बोलावलं. मी एकटाच गेलो. त्या खुशीत होत्या — काहीतरी उलगडल्यावर माणूस असतो तसा. म्हणाल्या, ताईंच्या लाळेत सापडलेला प्रकार वेगळा आहे. तुमच्या रक्तात जो उठला तो ताईंचा नव्हे. तुमच्या ऑपरेशनआधीच्या लाळेत होता तोच आहे. तुमचाच, जुना.

मी मान हलवली. आमच्या बापाची थोडी खारजमीन होती, तिथं राता नावाचा तांबडा भात व्हायचा, खाऱ्या पाण्याला न डरणारा. वरच्या गोड्या शेतात कोलम. दोन्ही भातच, पण दाणा हातात घेतला की कुठल्या शेतातला ते पोरसुद्धा सांगेल. मॅडम सांगत होत्या ते मला अगदी तसंच कळलं. वाण माझ्याच शेतातलं होतं. लहानपणापासूनचं. कदाचित ताईच्याच हातचा घास खाताना कधीतरी आलेलं, कदाचित शाळेत कुणाची उष्टी चिंच चाखताना. कुणाला ठाऊक? पण तिच्या किडनीतून नाही, आणि तिच्या अंगणवाडीतल्या पोरांकडून तर नाहीच.

"आणि गंमत म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "औषधाला तो पूर्ण दाद देतोय. मग गोळी चालू असताना उठला कसा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या किडनीच्या प्लास्टिकच्या मॉडेलकडे पाहिलं.

"काही कळत नाही," मी म्हणालो.

"असो. ताईंना सांगा हं नक्की. त्यांना फार लागलंय हे, मागच्या वेळी रडत होत्या इथं."

"सांगतो," म्हणालो.

आता येतं ते. इथवर मी तुम्हाला फिरवत आणलं ते यासाठी.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. सकाळचा नेहमीचा नाही, दुपारी. अंगणवाडीच्या सुपरवायझर बाई घरी येऊन गेल्या होत्या. राजीनामा अजून पुढे पाठवलेला नव्हता, त्या म्हणत होत्या परत या, तुमच्यासारखी बाई मिळत नाही, पोरं रोज दाराशी येऊन विचारतात. ताईच्या आवाजात मी ओळखतो ती एक उसळी होती. म्हणाली, "बाला, काय करू मी? जाऊ का परत? तू सांग. तू जा बोललास तर जाईन."

माझ्याकडे उत्तर होतं. ताजं, इस्पितळातून आणलेलं. जा म्हणायचं होतं फक्त. नाहीतर एवढंच — ताई, तो तुझा नव्हता. एका वाक्यात ती पोरांच्यात परत गेली असती.

पण ते वाक्य म्हटलं की पुढचा प्रश्न येणार. मंग कोनाचा? माझाच. मंग गोल्या घेत होतास ना तू, उठला कसा? ताई शाळा फारशी शिकलेली नाही, पण प्रश्न तिला बरोबर पडतात. आणि मग तो खोका, ते खिसे, रोजचं ते घेतल्या-ताई. पोट कापून दिलेली किडनी मी एका गोळीच्या आळसानं घालवायला निघालो होतो, हे तिला कळलं असतं.

मी म्हणालो, "तुला बरं वाटेल तसं कर, ताई."

 ती म्हणाली, "बरा. नको मंग." आणि विचारलं, जेवलास का.

राजीनामा मंजूर झाला. तिच्या जागी दुसरी बाई लागली.

त्या फोनला आता नऊ वर्षं होत आली. त्यातली आठ मी गप्प होतो. सुखात होतो, हेही सांगायला हवं, नाहीतर ही कबुली खोटी होईल. दुकान वाढलं. मुलीचं लग्न झालं, खारघरला असते. मी आंबे खाल्ले, घोळ माशाचा रस्सा खाल्ला, मंगलला घेऊन कोकणात फिरून आलो. अपराधी माणूस रात्रंदिवस तळमळतो वगैरे असतं का? माझ्या बाबतीत नव्हतं. ते तळमळणं यायचं ते कधीमधी, चोरपावलानं. भाऊबीजेला यायचं. ताई ओवाळायची आणि करंजी ताटलीत ठेवून पुढे सरकवायची. आधी ती हातानं भरवायची, जन्मभर भरवलेलं. त्या दुखण्यानंतर एकदाही नाही. ताटली सरकवायची आणि हात पदरात घ्यायची.

आणि एकदा आमच्याकडच्या एका हळदीत. मांडवात बेंजो वाजत होता, मटणाची पंगत चालू होती, आणि कुणाचं तरी दीड वर्षाचं पोर लाळ गाळत, हात वर करत ताईकडे धावत आलं. घे म्हणून. ताईचे हात पुढे गेले, नकळत, सवयीनं, आणि अर्ध्यातच थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग त्या पोराला हळूच दुसरीकडे वळवलं. "नको रं सोन्या, भाऊ हाय इथं माजा." माझ्या शेजारी बसायचं होतं ना तिला. म्हणून.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आणखी दोन वर्षं गेली. कशाची वाट बघत होतो मी? खरंच माहीत नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्यात मी गव्हाणला गेलो होतो, काही निमित्त नसताना. भावजी शेताच्या कामाला गेले होते. ताई पडवीत बिरडं सोलत बसली होती. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात, आणि ती एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून बाहेर काढतेय. मी समोर बसलो आणि सोलू लागलो. लहानपणीही असंच बसायचो. हात पाण्यात असले की बोलायला बरं पडतं. का ते नाही सांगता येत. सांगितलं, तुकड्यातुकड्यांत. वर बघितलं नाही. गोळी, खिसा, खोका, मॅडमनी सांगितलेलं वाण, आणि तो दुपारचा फोन.

तिचे हात थांबले नाहीत. माझं सांगून झालं तरी ती सोलत होती. मग विचारलं, "म्हंजे पोरांचा काय नव्हता त्यात?"

"नव्हता."

"एका पन पोराचा नाय?"

"नाही ताई."

ती उठली. ओले हात तसेच धरून आत गेली. किती वेळ ते सांगत नाही, पण मी पातेल्यातले सगळे वाल सोलून संपवले.   बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. पातेल्यात बोटं घालून बघितलं. "निम्म्यांची सालं तशीच ठेवलीस," म्हणाली. "एक काम धड नाय तुजा."

मग उभ्यानंच विचारलं, "आज गोल्या घेतल्यास?"

"घेतल्या, ताई."

"दाखव."

मी खिशातून डबा काढला. सकाळचा रिकामा कप्पा उघडून दाखवला. तिनं वाकून नीट बघितला — डोळे बारीक करून, कप्प्यात बोट फिरवून. एवढी वर्षं ती माझा शब्द घेत होती. आता डबा बघत होती. मला तेव्हा जे वाटलं ते लिहिणार नाही.

मंगलला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती दोन दिवस कामापुरतं बोलली. मग म्हणाली, "रोज माझ्या हातून तो डबा भरून घेत होतात." एवढंच. डॉक्टर मॅडमना पुढच्या तपासणीला सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मी मुलांना शिकवताना तुमची केस सांगते, गोळी घेऊनही उठलेला म्हणून." मग पेन उचललं आणि काहीतरी खोडलं.

अंगणवाडीत ताई परत जाऊ शकत नाही. ते वय गेलं. पण उलव्याकडे नवे टॉवर झालेत, गावातल्या सुना तिथं कामाला जातात. त्यांची लहानगी आता सकाळपासून ताईच्या पडवीत असतात. कधी सुरू झालं, कुणी विचारलं, मला सांगितलेलं नाही. मी एकदा गेलो तर दाराशी छोट्या चपलांचा ढीग आणि आत कल्ला. ताईच्या मांडीवर एक, पाठीवर एक, आणि पदराचा तो कोपरा पुन्हा कामाला लागलेला. मला बघून म्हणाली, "लांब बस. एकाला सर्दी हाय." मी लांब बसलो. बरं वाटलं बसून.

यंदाच्या भाऊबीजेला तिनं ओवाळलं. करंजी ताटलीतच आली. पोरांना ती हातानं भरवते, मी पाहिलंय. मी ताटली घेतली. करंजी चांगली झाली होती.

सकाळचा फोन अजून येतो, फक्त आता तो व्हिडिओवर येतो. माझ्या मुलीनं शिकवलंय तिला. मागं पडवीतली पोरं नाचत असतात, निम्मा वेळ पडद्यावर कुणाचं तरी नाकच दिसतं. ताई म्हणते, दाखव. मी तळहातावर गोळ्या धरून दाखवतो, तिच्यासमोर तोंडात टाकतो, पाणी पितो. मग ती म्हणते, "आ कर." पोलिओच्या डोसाला पोरांना सांगायची तसं. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी. मी आ करतो, जीभ वर करतो, खाली करतो. मागची पोरंही आ करतात.

"गेली," ताई म्हणते, आणि फोन ठेवते.